आंबणे आणि मुरणे

मराठीत ‘आंबणे’ आणि ‘मुरणे’ ही क्रियापदे शेजारीशेजारी राहतात, पण त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. ताक फार आंबले की ओतून द्यावे लागते. लोणचे मुरले की पाहुण्यांपुढे ठेवता येते. काळ दोन्हीकडे आपले काम करून गेलेला असतो. ते काम आपल्याला रुचले की नाही, हे क्रियापदाच्या निवडीतून कळते.

बेल्जियमहून एका स्नेह्याने आणलेली ‘रोडनबाख ग्राँ क्रू’ ही बिअर आम्ही काही मित्रांनी चाखली, तेव्हा हा भेद प्रकर्षाने आठवला. रंग तांबूस-तपकिरी, वास आधी आंबट चेरीचा, मग ओकच्या लाकडाचा, आणि टोकाला व्हिनेगरची धार. बिअरचा म्हणून जो कडवटपणा आपण गृहीत धरतो तो जवळजवळ नाहीच. पहिल्याच घोटाला आमच्यातील एकाने तोंड वाकडे करून “आंबली आहे” असा निकाल दिला. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला मात्र आमसुलाच्या सारातला, गोडाला धरून राहणारा आंबटपणा इतरांना जाणवू लागला. निकाल देणारा अगदीच एकटा नव्हता; त्याच्या पाठीशी सबंध एकोणिसावे शतक उभे होते.

त्याआधीची रुची वेगळी होती. अठराव्या शतकातील लंडनमध्ये ताज्या बिअरला ‘माइल्ड’ म्हणत आणि दीर्घकाळ मुरवलेलीला ‘स्टेल’. आज शिळ्या पावासाठी वापरला जाणारा हा शब्द तेव्हा अधिक दाम देऊन घेण्याजोग्या मालाचा निदर्शक होता. भाषाशास्त्राच्या वर्गात अर्थापकर्षाची उदाहरणे देताना हे एक जरूर द्यावे. पोर्टर ही काळसर बिअर मुरवण्यासाठी तेथे एवढी अवाढव्य लाकडी पिंपे बांधली जात, की 17 ऑक्टोबर 1814 रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या एका कारखान्यातील पिंप फुटून आलेल्या लोंढ्यात आठ जणांचा बळी गेला. पुढे शतकाच्या मध्याकडे लंडनचीच जीभ बदलली आणि ताज्या बिअरचा बोलबाला झाला.

शब्दावर शिक्कामोर्तब केले ते विज्ञानाने. 1870-71 च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यानंतर जर्मन बिअरशी टक्कर देण्याच्या ईर्ष्येने लुई पाश्चर या विषयाकडे वळला. 1876 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातच बिअरच्या ‘रोगां’चा उल्लेख आहे. आंबटपणा हा रोग ठरला, की तो घडवणारे जंतू शत्रू ठरतात. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. नासाडी होऊन ओतून द्यावी लागणारी बिअर त्यामुळे वाचली, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गंमत अशी, की 1904 साली त्याच प्रयोगशाळेतील निल्स येल्टे क्लाउसनने, मुरलेल्या इंग्रजी बिअरचा खास स्वाद ज्यातून येतो ते दुसरेच यीस्ट वेगळे काढले आणि ब्रिटनवरून त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’ हे नाव दिले. शुद्धतेच्या घरातच हकालपट्टी झालेल्याची ओळख पटली. पण तोवर त्याच्यासाठी थांबायला फारसे कोणी तयार नव्हते.

वेस्ट फ्लँडर्समधील रूसेलारे या गावी मात्र थांबणे चालू राहिले. तेथील मद्यशाळा रोडनबाख बंधूंनी 1821 मध्ये घेतली. त्यांपैकी अलेक्झांडर बालपणीच अंध झालेला. 1830 च्या बेल्जियन क्रांतीनंतर तो राष्ट्रीय काँग्रेसचा सभासद झाला. याच घराण्यात पुढे दोन लेखक झाले: अवघ्या तेविसाव्या वर्षी, 1880 मध्ये मृत्यू पावलेला फ्लेमिश कवी आल्ब्रेख्त, आणि फ्रेंचमधून लिहिणारा जॉर्ज, ज्याच्या ‘ब्रूज-ला-मॉर्त’ (1892) या कादंबरीत एक विधुर थांबलेल्या काळाच्या शहरात वावरतो. एका घराण्यात दोन भाषा नांदल्या, ही बेल्जियमच्या वाङ्मयेतिहासातील सूचक बाब आम्हाला त्या बिअरइतकीच चाखण्याजोगी वाटते.

मद्यशाळेत ओकची 294 उभी पिंपे आहेत. त्यांतून बिअर सुमारे दोन वर्षे राहते. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद तिला लॅक्टिक आम्ल देतात, लाकडातून झिरपणारी हवा व्हिनेगरच्या धारेला वाव देते. प्रत्येक पिंपाची चव निराळी निघते, म्हणून शेवटी जिभेवर भरवसा ठेवून मिश्रण करावे लागते. ग्राँ क्रूमध्ये दोन भाग मुरलेली आणि एक भाग ताजी बिअर असते. हे काम आम्हाला संपादकाच्या कामासारखे वाटते: उत्तम तेवढेच निवडले तर पिण्यासारखे काही उरत नाही.

रूसेलारेत काम केलेला पीटर बूकार्ट 1996 मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियममध्ये गेला आणि तेथे त्याने लाकडात मुरवलेली आंबट ‘ला फोली’ घडवली. फ्रेंचमध्ये याचा अर्थ वेडेपणा. क्राफ्ट बिअरच्या चळवळीने हा वेडेपणा मानाचा केला, आणि मानाबरोबर खरेदीदारही आले: रोडनबाख 1998 मध्ये पाम कंपनीकडे गेली, न्यू बेल्जियम 2019 मध्ये जपानी किरिनच्या मालकीच्या लायन कंपनीने घेतली.

आमच्या बाटलीत शेवटी दोन घोट उरले होते. ते त्याच निकाल देणाऱ्या मित्राने मागून घेतले. तोंड मात्र पूर्वीइतकेच वाकडे होते.