कवडी, कासव आणि नांदुऱ्याची सहल

कोकणातून सहल परतत होती. भुसावळ येईपर्यंत डब्यात वास सुटला होता. शोध घेतला तेव्हा एका मुलाच्या डबीत शंख सापडला आणि शंखात मेलेला खेकडा. या खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आम्हा शिक्षकांना तो 'रिकामा' वाटला होता, चूक आमचीच.

नांदुरा समुद्रापासून दूर असले तरी समुद्राचे जीव येथे नवे नाहीत. देवघरात शंख असतो, आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कवडी म्हणजे सागरी गोगलगाईचे कवच. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवात होता. तेथे या गोगलगाई खड्ड्यात ठेवून मांस कुजू देतात व पांढरे कवच उरते, असे त्याने नोंदवले आहे. ही कवडी जहाजांतून बंगालात येई आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथे सुट्ट्या नाण्यासारखी चाले. आपल्या 'कवडीमोल' शब्दात तिची किंमत उरली, जीव मात्र हिशेबात कधीच नव्हता.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडातून मुंबईचा समुद्र आवाक्यात आला. आता वस्तूंऐवजी माणसे जाऊ लागली, पण सवय तीच राहिली: दिसेल ते उचलायचे.

ती बदलण्याचा चांगला दाखला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा आहे. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण होते, तरी अंडी चोरीला जात. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकरी व वनखात्याच्या मदतीने अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. पुढे पिल्ले पाहायला पर्यटक येऊ लागले, गावातल्या घरांतच उतरू लागले. त्यांनी दोरीबाहेर उभे राहायचे, विजेरी किंवा फ्लॅश वापरायचा नाही. कारण साधे आहे. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालते. एरवी रात्री तो उजेड समुद्राचाच असतो. विजेरी दिसली की ते उलटे फिरते.

२००१ मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे व काही जातींचे शंख-शिंपलेही कायद्याच्या संरक्षित यादीत आले. पुढच्या सहलीत मुलांनी शंखांची चित्रे काढली आणि शंख वाळूतच ठेवले. परतताना एकीने विचारले, "मग सर, देवघरातला शंख कुठून आला?" त्यावर आमच्यात शेगावपर्यंत वाद चालला, नांदुरा केव्हाच मागे पडले होते.