एल्फिन्स्टनचा जिना
चेंगराचेंगरीच्या एकोणीस महिने आधी, फेब्रुवारी 2016. मुंबईतली परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानकं जोडणारा पादचारी पूल गर्दीला पुरत नाही, नवा रुंद पूल द्या, असं खासदार अरविंद सावंत यांनी रेल्वेला कळवलं होतं. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी उत्तर पाठवलं: जागतिक मंदी आहे, निधी कमी आहे. पुढे मंजुरी मिळाली, साधारण 12 कोटींची. पूल काही आला नाही.

प्रवासी संघटनांचीही हीच ओरड होती. पण त्यांच्या वाट्याला येतात सल्लागार समित्या: बैठक, चहा, इतिवृत्त. उलट, रेल्वे कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनांसाठी वाटाघाटीची कायम यंत्रणा पन्नासच्या दशकापासून आहे. तिथे प्रशासनाला समोर बसून उत्तर द्यावं लागतं. प्रवाशाला तशी खुर्ची नाही.

29 सप्टेंबर 2017, सकाळी 8. शुक्रवार, खंडेनवमी. एके काळी या दिवशी परळ-लालबागच्या गिरण्यांत यंत्रांची पूजा व्हायची. तेव्हाचा कामगार चाळीतून चालत पाळीवर जाई. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यांत काम करणारी माणसं डोंबिवलीहून, विरारहून लोकलने येतात. जमिनीचा वापर बदलायला परवानगी देणाऱ्यांनी ही माणसं स्टेशनाबाहेर कशी पडणार, याचा हिशेब केला नाही. आपत्तीची घटिका मला तरी तिथूनच मोजावीशी वाटते.

9:30. कचेऱ्यांची वेळ. मध्य रेल्वेवर उतरलेल्यांना पश्चिमेकडे जायचंय, पश्चिम रेल्वेवर उतरलेल्यांना परळला. सगळ्यांना तोच पूल. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून झेंडूची ओझी घेतलेले फुलवालेही गर्दीत.

10 नंतर. पावसाची जोरदार सर आली. छत्री नसलेले पुलावर आणि जिन्यावर थांबले. दोन्ही स्थानकांत गाड्या येतच होत्या आणि प्रत्येक गाडी आणखी माणसं वर चढवत होती. वरच्यांना उतरता येईना, खालच्यांना मागे सरता येईना.

10:30 च्या सुमारास. जिन्यावर कुणाचा तरी पाय घसरला. पूल पडला, शॉर्टसर्किट झालं, अशा आरोळ्या उठल्या. काही मिनिटांत माणसांवर माणसं कोसळली. कठड्यावरून लोंबकळत काहींनी जीव वाचवला. बाकीचे उभ्या जागी गुदमरले.

11. आधी धावले ते आसपासचे लोक आणि सहप्रवासी. मिळेल त्या वाहनाने जखमींना जवळच्या केईएममध्ये नेलं. रुग्णालयाने रक्ताचं आवाहन केलं. रेल्वेमंत्री पीयूष गोयल त्या दिवशी मुंबईतच होते; वाढीव लोकल फेऱ्यांचा कार्यक्रम होता.

संध्याकाळ. मृत 22. दसऱ्याच्या दिवशी आणखी एक.

पश्चिम रेल्वेच्या चौकशीत मुख्य कारण ठरलं: मुसळधार पाऊस. मुंबईत सप्टेंबरातला पाऊस अनपेक्षित कधीपासून झाला?

31 ऑक्टोबरला लष्कर पूल बांधणार असल्याची घोषणा झाली आणि 27 फेब्रुवारी 2018 ला तो खुला झाला. चार महिनेही लागले नाहीत. मग आधीची वर्षं कशात गेली, हे प्रवासी संघटनांनी विचारत राहायला हवं, आणि कामगार संघटनांनीही. त्यांच्याकडे तर वाटाघाटीचं टेबल आहे. स्टेशनची सुरक्षितता ही फलाटावर ड्यूटी करणाऱ्याचीही सुरक्षितता असते. प्रवासी समितीने लेखी मांडलेल्या धोक्यावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय द्या. नकार असेल तर नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि सही त्याखाली असू द्या. एवढी मागणी तरी दोघांनी एकत्र येऊन लावून धरावी.