मळ्यातील वस्त्यांसाठी पूरपूर्वतयारी : पाणीपातळीचे फूट कसे वाचावेत

कृष्णा-पंचगंगा खोऱ्यात पावसाळ्यात पाणीपातळी रोज फुटांत जाहीर होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे; सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ती अनुक्रमे ४० व ४५ फूट. हे आकडे त्या-त्या ठिकाणचे आहेत. गावापासून दूर मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला ४३ फूट म्हणजे आपल्या बांधावर किती पाणी, हे त्यावरून कळत नाही. ते जुळवून ठेवावे लागते.

यासाठी वस्तीच्या रस्त्यावरील मोरी, नदीकाठची मोटार, गोठा आणि घराचा उंबरा या चार जागा धराव्यात. पाणी ज्या दिवशी त्या जागेला लागेल, त्या दिवशीची जाहीर पातळी गोठ्याच्या भिंतीवर रंगाने लिहावी. २०१९ व २०२१ च्या पुराच्या खुणा आणि जाणत्या मंडळींची आठवण यांचाही आधार घ्यावा.

या चारपैकी सर्वात महत्त्वाचा आकडा मोरीचा. नदी फुगली की तिचे पाणी ओढ्यात मागे शिरते. शिवारात ऊस कोरडा उभा असतो, गोठाही कोरडा असतो, पण बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. ‘पाणी अजून लांब आहे’ म्हणून थांबलेली कुटुंबे इथेच अडकतात. त्यामुळे जनावरे मोरीच्या आकड्याआधी, किमान दोन फूट राखून हलवावीत. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, अगदी मध्यरात्रीही. धरण भरत आले असेल तर आणखी लवकर निघावे.

घटसर्प व फऱ्याचे लसीकरण पावसाळ्यापूर्वीच उरकावे. चार-पाच दिवसांचा मुरघास किंवा कडबा ज्या पाहुण्यांकडे जनावरे जाणार, तिथे आधीच पोहोचवावा. भिजून बुरशी आलेला चारा घालू नये. मोटार वर काढण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून घ्यावा. ओल्या स्टार्टरला हात लावू नये. शेवटच्या क्षणी सोडावेच लागले, तर जनावरांची दावी कापावीत.

कृषी सहायकांनी वस्तीनिहाय मोरीचे आकडे एका वहीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवावेत. दवंडी मळ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीवर फोन घेणारी एक व्यक्ती ठरवावी. शक्यतो घरी असणारी, म्हणजे बहुधा बाईच.

उभ्या पिकाचे तारखेसह फोटो पूर येण्याआधी काढून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी शेतात नुसता गाळ असतो.