एका चिन्हाची चूक टाळणारा तक्ता

अभियांत्रिकी प्रवेशाच्या ‘जेईई मेन’ परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. धन-ऋण चिन्हाची एक चूक अशा रीतीने ५ गुणांचा फरक पाडू शकते. बहुपदी असलेल्या असमानता सोडविताना ही चूक हमखास होते. चिन्हांचा तक्ता हा त्यावरील भरवशाचा उपाय होय. शिकवणी वर्गांत तो ‘वेव्ही कर्व्ह’ या नावाने ओळखला जातो.

तक्त्यामागील नियम जुनाच आहे. दोन धन किंवा दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन, तर एक धन व एक ऋण संख्येचा गुणाकार ऋण येतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात हा नियम दिला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातही तो आला. ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे संपत्ती, हा व्यवहारातील अर्थ या शब्दांत आजही कायम आहे.

तक्ता कसा मांडावा?

(क्ष + २)(क्ष − १)(क्ष − १)(क्ष − ३) ही बहुपदी घेऊ. क्ष = −२, १ आणि ३ असताना तिची किंमत शून्य होते. ही तिची मुळे होत. ती संख्यारेषेवर मांडली की रेषेचे चार भाग पडतात. बहुपदीचा आलेख कोठेही तुटत नसल्याने शून्य ओलांडल्याखेरीज तिचे चिन्ह पालटू शकत नाही. म्हणून प्रत्येक भागातील एकच संख्या तपासणे पुरेसे ठरते.

−२ पेक्षा लहान : क्ष = −३ घेता किंमत ९६, चिन्ह धन
−२ ते १ : क्ष = ० घेता किंमत −६, चिन्ह ऋण
१ ते ३ : क्ष = २ घेता किंमत −४, चिन्ह ऋण
३ पेक्षा मोठी : क्ष = ४ घेता किंमत ५४, चिन्ह धन

चूक नेमकी कोठे होते?

अनेक विद्यार्थी एकाआड एक धन-ऋण चिन्हे मांडत जातात. येथे १ हे मूळ दोनदा आले आहे. मूळ सम वेळा आल्यास चिन्ह पालटत नाही, विषम वेळा आल्यास पालटते. त्यामुळे ही बहुपदी शून्यापेक्षा लहान केव्हा, याचे उत्तर −२ ते ३ यांच्या दरम्यान, मात्र १ वगळून, असे येते. ‘शून्य किंवा त्यापेक्षा लहान’ असे विचारल्यास −२, १ आणि ३ याही संख्या उत्तरात धराव्या लागतात.

डब्याचे माप

हा तक्ता केवळ परीक्षेपुरता नाही. समजा, नागपूरच्या हुडकेश्वर भागातील एखाद्या कारागिराला ३० सेंटिमीटर बाजूच्या चौरस पत्र्याचे चारही कोपरे सारखे कापून वरून उघडा डबा करावयाचा आहे. प्रत्येक कोपऱ्यातून क्ष सेंटिमीटर बाजूचा चौरस कापल्यास डब्याचे घनफळ क्ष(३० − २क्ष)(३० − २क्ष) होते. त्याचे विकलन केल्यावर (३० − २क्ष)(३० − ६क्ष) मिळते. ० ते ५ या भागात त्याचे चिन्ह धन, म्हणजे घनफळ वाढते. ५ ते १५ मध्ये ते ऋण, म्हणजे घनफळ घटते. ५ सेंटिमीटरचा चौरस कापल्यास डबा सर्वांत मोठा, २००० घन सेंटिमीटरचा, होतो. एवढ्या डब्यात बरोबर २ लिटर मावते.