खताची वही

दिवाळीत आमच्या घरी पहिली पणती तुळशीपाशी लागे, दुसरी उंबऱ्यावर आणि तिसरी उकिरड्यावर. शहरातल्या वाचकांना या तिसऱ्या पणतीचे कदाचित हसू येईल. पण प्रवरेच्या पाटावर वाढलेल्या मुलाला त्यात वावगे काही दिसत नाही. ज्या ढिगातून शेताचे अन्न निघते त्यालाही लक्ष्मीचा मान द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. आता आमच्या वस्तीवर गुरे थोडी उरली आणि उकिरडे त्याहून थोडे. शेताचे अन्न गोणीतून येते. या गोणीला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शेतकऱ्याने ज्याचे नावही ऐकलेले नसते अशा एका संघाचा मोठा वाटा आहे. मलाही तो उशिराच कळला.

आमचा जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर झाला असला, तरी माझ्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते. जिल्हा अवर्षणाचा. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही काठांना ऊस डोलू लागला. ऊस हे पीक मोठे खादाड. माझ्या आजोबांच्या काळी त्याला शेणखत, भुईमुगाची पेंड आणि चिमूटभर ‘सल्फेट’, म्हणजे अमोनियम सल्फेट, घालीत. एकट्या बागायतदाराला ना गुळाचा भाव ठरविता येत होता, ना उसाचा. म्हणून १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यातूनच पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम पार पडला. एकेकट्याचे चालत नाही, मंडळी जमवावी लागते, हा धडा आमच्या मुलखाने असा गिरविला.

हाच धडा खत करणाऱ्यांनीही गिरविला. राणीपेटला १९०६ पासून सुपर फॉस्फेट होत होते, केरळात आळवाये येथे १९४७ साली कारखाना सुरू झाला आणि १९५१ साली सिंद्रीचा सरकारी कारखाना अमोनियम सल्फेट काढू लागला. तरीही १९५१-५२ साली साऱ्या देशात मिळून नत्र, स्फुरद आणि पालाश ही अन्नद्रव्ये ७० हजार टनांच्या आतच खपली. आज हाच आकडा सुमारे ३ कोटी टनांवर आहे! त्या वेळी कारखाने विखुरलेले, सरकार नवखे आणि शेतकरी साशंक. अशा स्थितीत १९५५ साली ‘फर्टिलायझर असोसिएशन ऑफ इंडिया’ या खत-संघाची दिल्लीस स्थापना झाली. सरकारी कारखाने, खाजगी कारखाने आणि पुढे सहकारी संस्थाही त्याच्या सभासद झाल्या. हा संघ स्वतः एक गोणीही करीत नाही वा विकीत नाही. मग तो करतो काय? तो सरकार, कारखानदार आणि शास्त्रज्ञ यांना एका मांडवाखाली बसवितो, मासिक चालवितो, वर्षाला एक मोठे चर्चासत्र भरवितो आणि, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हिशेब ठेवतो. कोणत्या राज्यात किती खत खपले, कोणते द्रव्य किती, याचा तो दरवर्षी जाडजूड ग्रंथ काढतो.

या ग्रंथाशी माझी गाठ एका कादंबरीमुळे पडली. ऊसवाल्या शेतकऱ्याची कथा लिहीत होतो आणि माहिती हुडकीत एका वाचनालयात बसलो होतो. खरे पाहता आकड्यांशी माझे फारसे सख्य नाही. परंतु चाळता चाळता एका ओळीवर नजर अडली. १९९१-९२ साली देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते. पुढच्याच वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. एका वर्षात एवढी उलथापालथ? मी घरी आलो आणि दादांची खताची वही काढली.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, प्रत्येक हंगामाचा खताचा हिशेब वहीत मांडीत. तीन रकाने : युरिया, सुपर, पोटॅश. १९९२ पर्यंत तिन्ही रकाने भरलेले. त्यानंतर तिसरा रकाना कोरा, दुसरा अर्धा, आणि पहिल्यातल्या गोण्या मात्र वाढत गेलेल्या. दिल्लीच्या ग्रंथातली ती ओळ आमच्या फडताळात इतकी वर्षे पडून होती!

“दादा, पोटॅश का सोडलं?” मी विचारले.

“भाव पाहिला होतास का तेव्हाचा? आणि युरियानं ऊस काळाभोर दिसतो. पोटॅश घातलेलं डोळ्याला दिसतं का?”

दादांचे खोटे नव्हते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरील किंमतनियंत्रण उठविले. पोटॅशचा भाव दुपटीहून वर गेला. उलट युरियाचा १० टक्क्यांनी उतरविला. शेतकऱ्याने स्वस्त ते घेतले. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारलेले अनुदान आले, तेही युरियाला वगळूनच. पुढे युरियाची ४५ किलोंची गोणी साधारण २६६ रुपयांना आणि ५० किलोंची डीएपी १३५० ला, अशी तफावत झाली. युरियालाही तोच नियम लावा, असे खत-संघ सरकारला वारंवार सांगत आला आहे. यात कारखानदारांचा स्वार्थ नाही असे नाही. शेवटी तो त्यांचाच संघ. परंतु मृदाशास्त्रज्ञही तेच सांगतात. सरकारलाही भीती वाटते ती खरीच : युरिया महागला तर दादांसारख्यांनी काय करावे?

तथापि देशाच्या सरासरीत एक फसगत असते. आदर्श म्हणून ४ : २ : १ हे प्रमाण वर्षानुवर्षे सांगितले गेले. उसाचे पोट त्याने भरत नाही. १९६८ साली स्थापन झालेले आमचे राहुरीचे कृषी विद्यापीठ आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश सांगते. म्हणजे एकरी साधारण आठ गोण्या युरिया, पण पालाशही नत्राच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. वहीत पाहिले, तर दादा एकरी बारा गोण्या युरिया ओतीत होते आणि पालाश शून्य. त्याच वहीच्या मागच्या पानावर उसाचा उतारा लिहिलेला होता : एकरी ५५ टनांवरून हळूहळू ३८ वर. दोन्ही पाने एकाच वहीत होती. आम्ही ती समोरासमोर धरून कधी वाचली नव्हती, एवढेच.

बागायतदारांनी भावासाठी संघ केला, कारखानदारांनी खतासाठी केला. दोन्ही आवश्यक होते, दोन्हींनी आपापले काम केले. मातीचा मात्र संघ नाही. तिच्या बाजूने मागणी करणारे, सरकारदरबारी खेटे घालणारे कोणी नाही. तिचा हिशेब शेतकऱ्यालाच ठेवावा लागतो, वावरागणिक.

गेल्या वर्षी मी शाळेतल्या मुलांना घरून मूठमूठ माती आणायला लावली आणि ती तपासणीला पाठविली. आमच्या मातीचा कागद आल्यावर दादांना वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वही मागून घेतली आणि तिसऱ्या रकान्यात, थरथरत्या हाताने, दोन गोण्या लिहिल्या.

आई म्हणते, यंदा उकिरडा नाही, तर तिसरी पणती बांधावर ठेवू. ठेवू या.