शेजारचं चर्च आणि टिळकांचे अभंग

नगरमध्ये पिढ्यान् पिढ्या राहूनही रविवारी चर्चची पायरी न चढलेले आपल्यात पुष्कळ. वर विचारणार, "तिथं सगळं इंग्रजीत असतं ना?"

अहो, अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं 1831 साली. त्यांचं 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथूनच निघालं, तेही मराठीत. गाण्यांच्या चाली मात्र बऱ्याचशा परदेशी. मराठी माणसाच्या तोंडी त्या कशा रुळायच्या?

मग आले नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हे, रेव्हरंड). बाप्तिस्मा 1895चा. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांनी उपासनेत अभंग, भजन आणलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण कौतुकानं वाचतो, पण टिळकांची भजनं आजही दर रविवारी गायली जातात तिथं कुणी फिरकत नाही. आणि "ते बाहेरचे" म्हणायला पुन्हा आपणच पुढे!

परवा मी गेलो. ओळखीचं कुणी नाही, मागच्या बाकावर बसलो. पेटी-तबला सुरू झाला. शेजारच्या आजींनी 'उपासना संगीत' उघडून हातात दिलं, ओळीवर बोट ठेवलं. चाल ऐकताच बाकी सांगावं लागलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "कुठनं आलात, बाळा?"

दोन गल्ल्या पलीकडून.