जंजिरा (मुरुड-जंजिरा)

महाराष्ट्राच्या रायगड (1981 पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध जलदुर्ग, त्याच्या तटाआड नांदलेली बेटावरची वस्ती आणि 1948 पर्यंत त्याच नावाचे संस्थान. राजपुरी खाडीच्या मुखाशी, राजपुरी गावासमोर हे बेट असून त्याचा विस्तार सुमारे 22 एकर आहे. तालुक्याचे ठिकाण मुरुड (लोकसंख्या 12,551, 2001) उत्तरेस सुमारे 5 किमी. संस्थानचे क्षेत्रफळ 324 चौ. मैल व लोकसंख्या 85,414 (1901) होती. काठेवाडातील जाफराबादही येथील सिद्दी नबाबांकडे असे. जुन्या लिखाणात या मुलखाला हबसाण म्हटलेले आढळते.

इतिहास : पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे कोळ्यांची वस्ती होती. चाच्यांच्या उपद्रवामुळे त्यांचा प्रमुख राम पाटील याने लाकडी मेढेकोट उभारला. पुढे तो निजामशाहीला जुमानीना, तेव्हा निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या मिषाने बेटावर उतरून पिंपांतली दारू कोळ्यांना पाजली आणि रात्रीत मेढेकोट घेतला, अशी हकीकत सर्वत्र दिली जाते. दगडी कोटाचे श्रेय सामान्यतः पिरमखानानंतर आलेल्या बुरहानखानाला व काळ 1567–71 असा देतात. नंतरच्या सिद्द्यांनी त्यात पुष्कळ भर घातली. सिद्दी मूळचे ॲबिसिनियातले, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातले. 1621 मध्ये कारभार हाती घेतलेला सिद्दी अंबर (मृत्यू 1642) हा या सत्तेचा खरा संस्थापक. निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर तो हा नव्हे. या सत्तेचे वैशिष्ट्य असे, की गादी बापाकडून मुलाकडे जाईलच असा नेम नव्हता. आरमारी सरदार आपल्यातल्या कर्त्या माणसाला प्रमुख करीत. निजामशाही बुडाल्यावर सिद्दी आदिलशाहीकडे आणि नंतर मोगलांकडे गेले. धनी बदलले, बेट मात्र सोडले नाही.

मराठ्यांशी त्यांचे वैर शतकभर चालले. 1669–70 च्या मोहिमेत सिद्दी फत्तेखान जेरीस येऊन किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करण्यास तयार झाला होता. तेवढ्यात सिद्दी संबूळ, कासिम व खैरियत या तिघांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. काही काळाने होळीच्या रात्री कासिमने मराठ्यांकडची दंडा-राजपुरीही परत घेतली. यावर महाराजांनी जंजिऱ्याच्या वायव्येस, मुरुडसमोरच्या कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. हे काम किती निकडीचे होते, हे 1675 च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेल्या पत्रावरून कळते. पद्मदुर्गासाठी पैसा व धान्य वेळेवर न पोचवल्याबद्दल महाराजांनी त्याची केलेली कानउघाडणी शिवकालीन पत्रांतील अत्यंत कठोर लेखनांपैकी आहे. किल्ला पाहून आलेल्याने ते पत्र अवश्य वाचावे. पुढे पेशवे मोरोपंतांच्या स्वारीत लाय पाटील या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण वर चढायची कुमक वेळेत पोचली नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्द्याला पालखी काय कामाची, म्हणून त्याने तो घेतला नाही, तेव्हा त्याला ‘पालखी’ नावाचे गलबत मिळाले, अशी परंपरा आहे.

1682 च्या वेढ्यात संभाजी महाराजांनी तोफांचा मारा केलाच, शिवाय किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड आणि लाकूड टाकून सेतू बांधायला घेतला. त्याआधी मराठ्यांचा कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग घेऊन आत शिरला होता. दारूकोठार उडवण्याचा त्याचा बेत फुटला आणि त्याला प्राण गमवावे लागले. मोगल फौज कोकणात उतरल्याने संभाजी महाराजांना माघारी जावे लागले व सेतू अर्धवट राहिला. 1689–90 मध्ये हाच सिद्दी कासिम (याकूतखान) मुंबई बेटावर चालून गेला, माझगाव व माहीम घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. औरंगजेबाकडे रदबदली करून इंग्रजांनी सुटका करून घेतली. मुंबईचा इतिहास सांगणारे हा प्रसंग बहुधा घाईने उरकतात. पेशवाईत 1733 ची बाजीरावाची मोहीम किल्ल्यापर्यंत पोचली, पण फळ मिळाले ते सिद्द्यांच्या ताब्यातल्या रायगडाचे. 19 एप्रिल 1736 रोजी रेवसजवळ चिमाजी आप्पाने सिद्दी सातास ठार केले आणि सिद्द्यांची किनाऱ्यावरची आक्रमक ताकद संपली. बेट तरीही पडले नाही. 1870 च्या सुमारास संस्थानच्या कारभारात इंग्रजांचा हस्तक्षेप सुरू झाला; खंडणी मात्र नव्हती. 1948 मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदींच्या पुढाकाराने संस्थानात लोकलढा झाला व त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

किल्ला व वस्ती : राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने वाऱ्यानुसार दहा-पंधरा मिनिटांत तटाखाली पोचता येते. पूर्वेकडे तोंड असलेला मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात असा बसवला आहे, की होडी अगदी जवळ आल्याखेरीज दिसत नाही. पायऱ्यांशी लाट वर आली की होडीवाला हात धरून उतारूला उडी घ्यायला सांगतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भरतीची वेळ विचारून निघावे. दरवाजाशी सहा हत्तींना पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे: चार पंजांत चार, एक जबड्यात, एक शेपटीत. वर नगारखाना, आत शिरताच पीर पंचायतन. तटाला 19 बुरूज असून त्यांवर व खाली देशी-परदेशी बनावटीच्या तोफा पडून आहेत. कलाल बांगडी, चावरी व लांडा कासम या प्रसिद्ध. एकूण संख्या 572 होती, असे वाटाडे ठामपणे सांगतात. राजपुरीहून समुद्राखालून भुयार आहे, हेही सांगतात. त्याला आधार नाही.

‘अजिंक्य’ या विशेषणाने जंजिऱ्याचे एक नुकसान केले आहे. येणारा तोफा मोजतो आणि परततो. हे एक गाव होते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तीन मोहल्ल्यांची वस्ती, मशिदी, पागा, धान्याची कोठारे, सिद्दी सुरुलखानाचा तीन मजली वाडा (आता केवळ कमानींच्या भिंती) आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन तलाव, यांवर हा संसार चालत असे. मोठ्या तलावाच्या बांधीव काठावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या शाबूत आहेत. पाणी आता शेवाळाने हिरवे. नबाबांनी मुक्काम मुरुडला हलवल्यानंतरही (तेथील राजवाडा 1885) तटाआड काही कुटुंबे राहत होती, स्वातंत्र्यानंतर तीही किनाऱ्यावर गेली. घरांची जोती रानात शोधावी लागतात. पश्चिमेचा दर्या दरवाजा समुद्रावरच उघडतो. फार थोडे प्रवासी तिथवर जातात, कारण होडीवाल्याने दिलेली पाऊण तासाची मुदत बालेकिल्ल्यापर्यंतच संपते. दोन तास ठरवून जाणे बरे. आत पिण्याचे पाणी मिळत नाही, सावली बेताची. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असून पावसाळ्यात होड्या बंद असतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले आहेत, जंजिरा नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची आहे.

परिसर : राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सुरुलखान, याकूतखान व खैरियतखान यांच्या दगडी कबरी आहेत. घडीव दगडाच्या जाळ्या पाहण्यासारख्या असून सुरुलखानाची कबर सर्वांत मोठी. तिच्या खर्चासाठी सावली-मिठागर गावचे उत्पन्न लावून दिलेले असे. किल्ल्यातल्या गर्दीनंतर इथे बहुधा कोणी भेटत नाही. पद्मदुर्गावर जाण्यास होडी खास ठरवावी लागते. नबाबांच्या शिकारीचे रान आता फणसाड अभयारण्य (1986) असून तेथे शेकरू आढळतो.

नारळ, सुपारी, भात व मासेमारी ही उपजीविकेची साधने. पूर्वी येथून मुंबईस जळाऊ लाकूड व खलाशी जात.

दळणवळण : मुंबईहून सडकेने सुमारे 165 किमी, अलिबाग–रेवदंडा–मुरुड मार्ग सोयीचा. जवळचे रेल्वे स्थानक रोहा. दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी आगरदांडा–दिघी फेरीबोट असून तिच्यावर वाहनेही नेता येतात.